आयर्लंडला जाण्याआधी : श्रीमंत देशाचा हिशेब, बेळगाव-निपाणीच्या नजरेतून

बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४७ लाख ७९ हजार भरली होती. आयर्लंड या अख्ख्या देशाची लोकसंख्या तिथल्या २०२२ च्या जनगणनेत ५१ लाख ४९ हजार निघाली. म्हणजे आपला एक जिल्हा आणि युरोपातला तो देश माणसांच्या मोजणीत जवळपास सारखेच. जमीन मात्र त्यांच्याकडे पाचपट. बेळगाव जिल्हा १३ हजार चौरस किलोमीटरच्या थोडा वर, तर आयर्लंड ७० हजार.

या एवढ्याशा देशाचं दरडोई उत्पन्न कागदावर वर्षाला एक लाख डॉलरच्या पुढे दिसतं. जगातल्या सर्वात श्रीमंत देशांच्या यादीत तो पहिल्या चार-पाचांत असतो. हाच आकडा एजंटांच्या पत्रकांवर छापलेला असतो, आणि तोच पाहून टिळकवाडी, शहापूर, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची घरं मुलाच्या-मुलीच्या शिक्षणासाठी २५-३० लाखांचं कर्ज काढतात. आकडा खोटा नाही. पण तो ज्या गोष्टीचा आहे, ती गोष्ट तिथं पगारावर जगणाऱ्या माणसाच्या खिशात येत नाही. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी हा फरक समजून घेणं गरजेचं आहे.

नाव ओळखीचं

आयर्लंड आपल्याला तसा अनोळखी नाही. बेळगावात वाढलेली तरुण दंतवैद्य सविता हलप्पनवर २८ ऑक्टोबर २०१२ रोजी गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात रक्तातील जंतुसंसर्गानं गेली. ती १७ आठवड्यांची गरोदर होती. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाल्यावरही तिनं मागितलेला गर्भपात तिथल्या तेव्हाच्या कायद्यामुळं झाला नाही. त्या मृत्यूनं आयर्लंड हादरला. २५ मे २०१८ च्या सार्वमतात दोन तृतीयांश मतदारांनी घटनेतली ती बंदी उठवण्याच्या बाजूनं कौल दिला आणि २०१९ च्या जानेवारीपासून नवा कायदा लागू झाला. आजही तिथं एखाद्याला बेळगावचं नाव सांगितलं, तर सविताची आठवण निघण्याची शक्यता असते.

दुसरी ओळख घाटाखालची. दोन वेळा आयर्लंडचे पंतप्रधान झालेले लिओ वराडकर यांचं कुटुंब मूळचं मालवण तालुक्यातल्या वराड गावचं. वडील डॉक्टर म्हणून आधी इंग्लंडला आणि मग आयर्लंडला गेले. २०१९ च्या डिसेंबरात पंतप्रधान असताना लिओ वराडला येऊनही गेले. या दोन्ही घटनांमुळं आपल्याकडं आयर्लंडचं नाव घरोघरी गेलं. त्या देशाचा पैसा कुठून येतो, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

जीडीपी फुगतो कसा

२०१६ च्या जुलैत आयर्लंडच्या सांख्यिकी खात्यानं जाहीर केलं की, आदल्या वर्षी, म्हणजे २०१५ साली, देशाची अर्थव्यवस्था २६.३ टक्क्यांनी वाढली. एका वर्षात सव्वापट! लोकांचे पगार तेवढे वाढले नव्हते, कारखाने, घरं, रस्तेही तेवढे वाढले नव्हते. झालं एवढंच होतं की काही बड्या अमेरिकी कंपन्यांनी आपली पेटंट, सॉफ्टवेअरचे हक्क अशी न दिसणारी मालमत्ता आयर्लंडमधल्या आपल्याच उपकंपन्यांच्या नावावर केली. त्यावर जगभरातून येणारं उत्पन्न आयर्लंडच्या जीडीपीत मोजलं जाऊ लागलं. अमेरिकी अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी याला ‘लेप्रेकॉन इकॉनॉमिक्स’ म्हटलं. लेप्रेकॉन म्हणजे तिथल्या लोककथांमधला सोन्याचा हंडा दडवून ठेवणारा बुटका.

विमानांचंही असंच. जगभरातल्या विमान कंपन्या ज्या विमानांवर चालतात, त्यांतली बरीचशी भाड्यानं घेतलेली असतात आणि अशा भाड्याच्या विमानांपैकी निम्म्याहून अधिक आयर्लंडमधल्या कंपन्यांच्या हाताखाली आहेत. भारतात उडणाऱ्या अनेक विमानांचं भाडं डब्लिनला जातं. गो फर्स्ट ही आपली विमान कंपनी २०२३ मध्ये बुडाली, तेव्हा विमानं परत मागणाऱ्यांत आयर्लंडमधल्या कंपन्या होत्या. ही विमानं आयर्लंडच्या मालमत्तेत धरली जातात, पण त्यातली बहुतेक त्या देशाच्या आकाशात फिरतही नाहीत.

आयरिश सरकारलाही हे कळतं. म्हणून २०१७ पासून तिथलं सांख्यिकी खातं जीडीपीसोबत ‘सुधारित सकल राष्ट्रीय उत्पन्न’ नावाचा वेगळा आकडा देतं. परदेशी कंपन्यांचा बाहेर जाणारा नफा, पेटंटांची आणि भाड्याच्या विमानांची झीज वगैरे त्यातून वजा केलेली असते. जीडीपी १०० धरला, तर हा आकडा अलीकडच्या वर्षांत ५५ ते ५८ च्या आसपास येतो. म्हणजे देश श्रीमंत आहेच, पण यादीत दिसतो त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. डेन्मार्क, नेदरलँड्सच्या पंगतीत बसणारा. जाणाऱ्यानं पाहायचा तो हा दुसरा आकडा.

गरिबीतून इथवर

शे-पाऊणशे वर्षांपूर्वी गोष्ट अगदी उलट होती. १८४१ साली संपूर्ण आयर्लंड बेटावर सुमारे ८२ लाख लोक होते. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. बेटावरची लोकसंख्या आजही ८२ लाखांवर पोचलेली नाही. स्वातंत्र्यानंतरही माणसं जातच राहिली. १९६१ साली आयर्लंड प्रजासत्ताकात जेमतेम २८ लाख लोक उरले होते. कोकणातलं घर जसं मुंबईच्या मनीऑर्डरवर चालायचं, तसं आयर्लंडमधलं घर लंडन-बोस्टनच्या पैशांवर चालत होतं.

वळण आलं ते १९५८ च्या सुमारास. टी. के. व्हिटेकर हे अर्थखात्याचे सचिव आणि पुढच्याच वर्षी पंतप्रधान झालेले शॉन लेमास यांनी देशाचे बंद दरवाजे उघडले. १९५९ मध्ये शॅनन विमानतळाशेजारी करमुक्त औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं. आज जगभर ज्या ‘सेझ’ वसाहती दिसतात, त्यांचं हे एक मूळ. १९७३ साली देश युरोपीय समुदायात गेला. ॲपल १९८० मध्ये कॉर्कला आली, इंटेल १९८९ मध्ये डब्लिनजवळच्या लीक्सलिपला. इंग्रजी बोलणारे शिकलेले कामगार, युरोपची खुली बाजारपेठ आणि कंपन्यांच्या नफ्यावर कमी कर, ही तीन कारणं एकत्र आली. २००३ पासून हा कर १२.५ टक्के होता. ७५ कोटी युरोंहून जास्त उलाढालीच्या बड्या कंपन्यांसाठी तो २०२४ पासून प्रत्यक्षात १५ टक्के झाला आहे.

एक गोष्ट सीमाभागातल्या वाचकाला जवळची वाटेल. परदेशी कंपन्या येण्याच्या कितीतरी आधी आयर्लंडच्या खेड्यांना सहकारी डेअऱ्यांनी उभं केलं होतं. होरेस प्लंकेट यांच्या पुढाकारानं १८८९ मध्ये पहिली सहकारी डेअरी निघाली आणि १८९४ मध्ये त्यांची मध्यवर्ती संघटना झाली. ‘केरीगोल्ड’ हे लोणी आज जगभर विकलं जातं ते याच परंपरेतून. गोकुळचं दूध आणि हालसिद्धनाथचा ऊस माहीत असलेल्या माणसाला तिथला शेतकरी परका वाटणार नाही. तिथं सभासदांच्या राजकारणाची कमतरता असेल असंही समजू नये.

एका पिकावरची बाजारपेठ

निपाणीकराला एका मालावर उभ्या असलेल्या बाजारपेठेबद्दल शिकवायची गरज नाही. तंबाखूचा भाव चढला की कापड दुकानापासून सराफापर्यंत सगळीकडं गर्दी, भाव पडला की सगळं गाव थंड. १९८१ च्या तंबाखू आंदोलनानं हा भाव कोण ठरवतं, हा प्रश्न महामार्गावर आणून ठेवला होता.

आयर्लंडचं पीक म्हणजे अमेरिकी कंपन्या. सरकारला कंपन्यांकडून मिळणाऱ्या करातला पाचातला चार हिस्से वाटा परदेशी कंपन्यांचा असतो आणि याच कंपनीकरातला निम्म्याहून अधिक फक्त दहा कंपन्या भरतात. त्या कोणत्या, हे सरकार सांगत नाही. संगणक आणि औषधांच्या बड्या अमेरिकी कंपन्या त्यात आहेत, हा तिथला सर्वसाधारण समज. त्यात ॲपलचं वेगळं प्रकरण. आयर्लंडनं ॲपलला दिलेली जुनी करसवलत बेकायदा ठरवून युरोपीय न्यायालयानं १० सप्टेंबर २०२४ रोजी १३ अब्ज युरो अधिक व्याज वसूल करायला लावलं. गंमत अशी की, हा पैसा आपल्याला नको म्हणून आयर्लंड सरकारच न्यायालयात लढत होतं. कंपन्यांचा विश्वास जाऊ नये, ही त्यामागची भीती.

याचा पगारदार माणसाशी संबंध काय? अमेरिकेनं आयातकर वाढवला, औषधं आपल्याच देशात बनवा म्हटलं, की आयर्लंडमध्ये सगळ्यांचे कान टवकारतात. २०२५ च्या जुलैत युरोपीय महासंघ आणि अमेरिका यांच्यात १५ टक्के करावर समझोता झाला, त्यानं काहीसा श्वास घेता आला. २०२२ च्या अखेरीपासून मेटा, ट्विटर, गुगल यांनी जगभर माणसं कमी केली, तेव्हा डब्लिनमधल्या भारतीयांच्याही नोकऱ्या गेल्या.

२००८ ची आठवण तर त्याहून कडू. तेव्हा पीक वेगळं होतं : बँकांच्या कर्जावर चाललेली घरबांधणी. ३० सप्टेंबर २००८ रोजी सरकारनं सगळ्या बड्या बँकांची हमी घेतली, ती अंगलट आली आणि २०१० च्या नोव्हेंबरात ८५ अब्ज युरोंच्या मदतीसाठी युरोप आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढं उभं राहावं लागलं. बेकारी १५ टक्क्यांवर गेली. अर्धवट बांधलेल्या वसाहती ओस पडल्या. २०१३ च्या डिसेंबरात देश त्यातून बाहेर आला, पण बांधकाम करणारी माणसं तोवर कॅनडा-ऑस्ट्रेलियाला निघून गेली होती. आजच्या घरटंचाईची एक मुळी तिथं आहे.

काम कुठं मिळतं

परदेशी गुंतवणूक आणणाऱ्या सरकारी संस्थेच्या यादीतल्या कंपन्यांत मिळून सुमारे तीन लाख लोक काम करतात. देशात कामावर असलेले लोक सुमारे २८ लाख. म्हणजे ज्या कंपन्यांमुळं जीडीपी फुगतो, त्यांत नऊ-दहा जणांमागं एकच नोकरी. बाकीचे दवाखाने, दुकानं, हॉटेलं, शाळा, शेती, बांधकाम, सरकारी कार्यालयं इथंच असतात, आणि बाहेरून गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांची पहिली नोकरीही तिथंच लागते.

गावं ओळखून ठेवावीत. डब्लिनमध्ये सॉफ्टवेअर, बँका, विमानभाडं. कॉर्कच्या रिंगास्किडी भागात औषधांचे मोठे कारखाने. गॉलवेत वैद्यकीय उपकरणं. मेडट्रॉनिक आणि बोस्टन सायंटिफिक तिथलीच. लिमरिक-शॅनन पट्ट्यात यंत्रसामग्री आणि विमान दुरुस्ती. उद्यमबागेत किंवा मच्छेत फाउंड्री, हायड्रॉलिक्स, सीएनसीवर हात बसलेल्या इंजिनीअरनं डब्लिनपेक्षा गॉलवे-लिमरिककडच्या जाहिराती आधी वाचाव्यात. काम जवळचं आणि भाडंही कमी.

परिचारिकांची मागणी सर्वात टिकाऊ. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा, म्हणजे एचएसईचा, भारतीय नर्सेसशिवाय गाडा चालणं अवघड. पण नर्सिंगची पदवी घेतली म्हणून थेट वॉर्डात उभं राहता येत नाही. आधी तिथल्या नर्सिंग मंडळाकडं कागदपत्रांची छाननी, इंग्रजीची परीक्षा, मग रुग्णालयातला सरावकाळ किंवा क्षमताचाचणी, आणि त्यानंतर नोंदणी. यात महिनोन्महिने जातात. शिवाय सरकारी भरतीचा नळ बंदही होतो. २०२३ च्या अखेरीस एचएसईनं बऱ्याच पदांची भरती थांबवली, ती २०२४ च्या जुलैत उठली. पैसा सरकारकडं भरपूर असतानाही हे झालं, हे लक्षात ठेवण्यासारखं.

परवान्याचे दोन रंग

नोकरीचे मुख्य परवाने दोन. ‘क्रिटिकल स्किल्स’ हा चांगला. इंजिनीअर, सॉफ्टवेअर, नर्स, डॉक्टर अशा ठरलेल्या यादीतल्या कामांसाठी तो मिळतो, दोन वर्षांच्या नोकरीचं पत्र लागतं आणि पगाराची खालची मर्यादा असते. पदवीधरासाठी ती २०२४ पासून ३८ हजार युरो होती, १ मार्च २०२६ पासून ४०,९०४ करण्याचं जाहीर झालं. त्यामुळं जुन्या माहितीवर विसंबू नये, अर्ज करतानाचा आकडा सरकारी संकेतस्थळावरच पाहावा. या परवान्यावर दोन वर्षं झाली की ‘स्टॅम्प ४’ मिळतो आणि मग नोकरीसाठी वेगळा परवाना लागत नाही. नवरा किंवा बायकोलाही काम करता येतं.

दुसरा ‘जनरल’ परवाना. पगाराची मर्यादा कमी, पण बहुतेक वेळा मालकाला आधी ती जागा स्थानिक आणि युरोपीय उमेदवारांसाठी जाहीर करावी लागते आणि मोकळं व्हायला पाच वर्षं लागतात. काही कामं तर निषिद्ध यादीतच आहेत, त्यांना परवानाच नाही. एजंट जेव्हा नुसतं ‘वर्क परमिट’ म्हणतो, तेव्हा कोणतं, हे त्याला विचारलंच पाहिजे.

नोकरी गेली तर? परवान्यावरच्या माणसाला कंपनीनं कमी केलं, तर चार आठवड्यांत सरकारला कळवावं लागतं आणि नवी नोकरी शोधायला सहा महिने मिळतात. २०२४ च्या नव्या कायद्यानं नऊ महिन्यांनंतर मालक बदलणंही सोपं झालं.

२०२४ मध्ये आयर्लंडनं ३८ हजारांवर परवाने दिले आणि त्यातले एक तृतीयांशहून जास्त भारतीयांना मिळाले.

पगार, कर आणि खोलीभाडं

आता खरा हिशेब. वर्षाला ४२ हजार युरो पगाराचं पत्र आलं. सोयीसाठी एक युरो शंभर रुपये धरला, तर ४२ लाखांचं पॅकेज. गल्लीत पेढे वाटले जातात.

एकट्या माणसाला २०२५ च्या दरांनी ४४ हजार युरोंपर्यंत २० टक्के आयकर लागतो, वरच्या रकमेवर सरळ ४० टक्के. ४२ हजारांवर ८,४०० होतात, त्यातून सगळ्यांना मिळणारी ४ हजारांची करसूट जाऊन उरतात ४,४००. त्यावर ‘यूएससी’ नावाचा, २०११ च्या संकटकाळात आलेला आणि मग कायमचा राहिलेला अधिभार, सुमारे ८०६. सामाजिक विम्याचे ४.१ टक्के, म्हणजे १,७२२. एकूण सुमारे ६,९२८ गेले. हातात महिन्याला साधारण २,९२० युरो.

इथंपर्यंत वाईट काही नाही. खरी कात्री पुढं आहे. डब्लिनमध्ये नव्यानं फ्लॅट घेणाऱ्याला भाडं महिन्याला दोन हजार युरोंच्या पुढं मोजावं लागतं. चौघांत घर वाटून घेतलं, तर एका खोलीचे ८०० ते १,००० युरो. एकट्या माणसाचं भाडं ९०० आणि खाणं, बस, वीज, फोन मिळून ६०० धरलं, तर १,४०० च्या आसपास हातात राहतात. त्यातून कर्जाचा हप्ता आरामात जातो, घरीही काही पाठवता येतं. तोच माणूस बायको आणि लहान मूल घेऊन गेला, २,२०० चं घर घेतलं, तर ७०० युरोंत सगळा संसार उरकायचा. बायकोला लगेच नोकरी लागली नाही, तर ते जमत नाही. लागली, तर पाळणाघराचा खर्च पुढं उभा. अनेक जोडप्यांतला एक जण म्हणून आधी एकटा जातो आणि वर्षभरानं बाकीच्यांना नेतो. ही पद्धत शहाणपणाचीच.

भाडं इतकं का? लोकसंख्या वाढत गेली आणि घरं त्या मानानं बांधलीच गेली नाहीत. बड्या कंपन्यांचे पगार घेणारे आणि नर्सिंग होममध्ये काम करणारे एकाच बाजारात खोली शोधतात. जीडीपी फुगवणारा पैसा बाहेर जातो, पण त्यानं चढवलेलं भाडं सगळ्यांनाच भरावं लागतं.

या टंचाईचे आणखी दोन परिणाम. एक म्हणजे फसवणूक. घर न पाहताच इथून आगाऊ पैसे पाठवणारे विद्यार्थी लुबाडले जातात. कायद्यानं घरमालकाला एक महिन्याचं डिपॉझिट आणि एक महिन्याचं आगाऊ भाडं, यापलीकडं मागता येत नाही. सहा महिन्यांचं मागणारा दिसला की सावध व्हावं. भाडेकरूला वर्षाला एक हजार युरोंपर्यंत करसवलतही मिळते, पण ती मागावी लागते, आपोआप येत नाही, आणि नवखे लोक ती मागायचंच विसरतात.

दुसरा परिणाम गंभीर आहे. घरं नाहीत, दवाखान्यात रांगा आहेत, आणि त्याचं खापर बाहेरून आलेल्यांवर फुटतं. २०२३ च्या नोव्हेंबरात डब्लिनमध्ये दंगल झाली. २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीयांवर लागोपाठ हल्ले झाले, तेव्हा भारतीय दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. आयरिश माणूस एरवी गप्पिष्ट आणि पाहुण्याला धरून असणारा आहे, असाच बहुतेकांचा अनुभव. तरी संध्याकाळी एकटं कुठं फिरावं, कुठं नाही, हे तिथं आधीच राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारून घर घ्यावं.

दवाखान्याचंही सांगायला हवं. सरकारी रुग्णालयात भरती झाल्यावर रोजचा आकार २०२३ पासून बंद झाला, पण साध्या तापासाठी डॉक्टरकडं गेलं की ५० ते ७० युरो, आणि चिठ्ठीशिवाय थेट तातडीच्या विभागात गेलं तर १००. आपल्याकडच्या औषध दुकानात जे बोलून मिळतं, त्यातलं बरंच तिथं चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

विद्यार्थ्याचं गणित वेगळं

एक वर्षाच्या मास्टर्सला फी साधारण १५ ते २५ हजार युरो आणि राहण्याखाण्याचे किमान १०-१२ हजार. कर्ज २५ लाखांचं, व्याज ११ टक्के, मुदत दहा वर्षं, म्हणजे हप्ता महिन्याला सुमारे ३४ हजार ४०० रुपये. साडेतीनशे युरो समजा.

शिकताना सत्रात आठवड्याला २० तास काम करता येतं, जून ते सप्टेंबर आणि नाताळाच्या सुट्टीत ४० तास. किमान वेतन १ जानेवारी २०२६ पासून तासाला १४.१५ युरो आहे. २० तासांचे आठवड्याला २८३ होतात. यातून खोलीभाडं आणि जेवण कसंबसं निघतं, फी निघत नाही. ‘तिथं जाऊन काम करून फी भरेन’ हा हिशेब ज्या घरात मांडला जातो, तिथं कागदपेन्सिल घेऊन पुन्हा बसावं.

मास्टर्स संपल्यावर नोकरी शोधायला दोन वर्षांपर्यंत मुभा मिळते. खरी परीक्षा हीच दोन वर्षं. त्यात परवान्याची पगारमर्यादा गाठणारी नोकरी मिळाली तर रस्ता मोकळा. नाहीतर सुपरमार्केटमधली नोकरी कितीही मन लावून केली, तरी त्यावर परवाना मिळत नाही. नागरिकत्वासाठी पाच वर्षांचा रहिवास लागतो, त्यात विद्यार्थिदशेची वर्षं धरत नाहीत, हेही बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

सीमा तिथंही आहे

कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापूरला दवाखान्यात जाणं निपाणीकराला रोजचं. आयर्लंडमध्येही अशीच एक सीमा आहे. १९२१ मध्ये बेटाची फाळणी झाली आणि उत्तर आयर्लंड ब्रिटनकडं राहिलं. १९९८ च्या शांतता करारानंतर चौक्या गेल्या. आता रस्त्यावर फरक कळतो तो एवढाच की, पाट्यांवर किलोमीटरचे मैल होतात आणि दुकानात युरोऐवजी पौंड. माणसं सकाळी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कामाला जातात, स्वस्त वाटेल तिकडं बाजार करतात.

पण भारतीय पासपोर्टवाल्यानं इथं जपावं. आयर्लंडचा रहिवासी परवाना बेलफास्टला चालत नाही, त्यासाठी ब्रिटनचा व्हिसा लागतो. चौकी नाही म्हणून बसमध्ये बसून गेलेला माणूस तपासणीत सापडला, तर पुढचे सगळे अर्ज अडचणीत येतात. आयर्लंड शेंगेन गटातही नाही. डब्लिनचा परवाना घेऊन पॅरिसला फिरायला जाता येत नाही, वेगळा व्हिसा काढावा लागतो.

गोव्यातल्या पाव्हण्यांच्या सल्ल्याचंही तसंच. पोर्तुगीज पासपोर्ट काढलेला गोवेकर युरोपीय नागरिक म्हणून परवान्याशिवाय आयर्लंडमध्ये काम करतो. त्याचा अनुभव खरा असला, तरी खानापूरच्या भारतीय पासपोर्टवाल्याला तो लागू पडत नाही.

आणि भाषा. आयर्लंडच्या घटनेत पहिली भाषा आयरिश, दुसरी इंग्रजी. रस्त्याच्या पाट्यांवर आयरिश वर आणि इंग्रजी खाली. १८ लाखांहून अधिक लोकांनी जनगणनेत आयरिश येते असं सांगितलं, पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे पाऊण लाखही नाहीत. पाट्यांवरून वाद घालणाऱ्या आपल्या भागाला ही आकडेवारी विचार करायला लावणारी आहे. कामासाठी मात्र इंग्रजी पुरते.

निघण्याआधी कागद

सीमाभागातल्या उमेदवाराची खास अडचण नावांची. जुन्या पदवीवर ‘बेळगाव’, १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर ‘बेळगावी’. जन्मदाखला कन्नडमध्ये, आईचा शाळेचा दाखला मराठीत. कर्नाटकातल्या गुणपत्रिकेवर आडनावाच्या जागी आद्याक्षर, कोल्हापूरच्या विद्यापीठाच्या पदवीवर मधलं नाव वडिलांचं, आणि पासपोर्टवर तिसरीच मांडणी. परदेशी कारकुनाला ही तीन वेगवेगळी माणसं वाटतात. अर्जाआधीच अधिकृत इंग्रजी भाषांतरं आणि एकाच व्यक्तीची नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवलं, तर पुढचे दोन-तीन महिने वाचतात. आपल्या पदवीची तिथं काय पायरी धरतात, हे ‘नॅरिक आयर्लंड’च्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतं.

पैशाचं एक काम विसरलं जातं. नोकरीसाठी परदेशी स्थायिक झाल्यावर इथलं साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं आणि तिकडची कमाई पाठवायला एनआरई उघडावं लागतं. पतसंस्थेतल्या ठेवी, सोसायटीचे शेअर, वडिलांसोबतचं जोडखातं, सगळ्यांची यादी करून बँकेत जावं. फीसाठी पैसे पाठवताना १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत टीसीएस कापला जात नाही, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून फी भरली असेल तर त्याच्या वरही नाही. घरचे पैसे आणि कर्जाचे पैसे एकाच खात्यातून मिसळून पाठवले, तर ही सूट दाखवणं अवघड जातं, म्हणून कर्जाची रक्कम बँकेतून थेट विद्यापीठाकडंच जाऊ द्यावी.